खापरावरची ताजी रेघ

१

खापर हातात आलं की अल्ली अक्का आधी त्याचा वास घ्यायच्या. मग त्यावरून अंगठा फिरवायच्या, मग चष्मा कपाळावर ढकलून भिंग डोळ्याला लावायच्या, आणि सगळ्यात शेवटी वाचायच्या. वासाने काय कळतं, असं मी नवा असताना विचारलं होतं.

"काही कळत नाही, तंबी," धाकट्या भावाला सांगावं तसं त्या म्हणाल्या होत्या. "पण बघणाऱ्याला वाटतं, कळतं."

आवरंगुडीला वैगै नदीच्या काठी, नारळीच्या बागेत आमच्या संस्थेचं खोदकाम चालायचं. मी खाली चरात असायचो आणि अक्का वर, बंद पडलेल्या भातगिरणीच्या ओसरीवर. मी मातीचा माणूस. कुठला थर कुठे संपला, कुठे उंदराने बीळ केलं, कुठे कुणी खड्डा करून पुन्हा बुजवला, हे मला मातीच्या रंगावरून दिसतं. एकदा हललेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. अक्का अक्षरांच्या. त्या काळच्या माणसांनी मडक्यांवर, वाडग्यांवर टोकदार काहीतरी घेऊन आपली नावं ओरखडलेली असतात. आदन, कुविरन, सात्तन. राजे नव्हेत, सरदार नव्हेत. हे भांडं माझं, एवढंच सांगणारी माणसं.

नावापुढे कधीकधी 'इल्' असा शब्द असतो. जुन्या तमिळमध्ये इल् म्हणजे घर. आणि इल् म्हणजे 'नाही'सुद्धा. 'आदन इल्' म्हणजे आदनच्या घरचं. अक्का थट्टेने म्हणायच्या, "किंवा आदन घरी नाही, उद्या या."

त्या दिवशी खालच्या थरातून काळ्या-तांबड्या मडक्याच्या खांद्याचा एक तुकडा आला. मुनियम्माने तो धुतला आणि सुपात वाळत घातला. मुनियम्मा गावातलीच, खापरं धुण्याचं काम तिच्याकडे. दहाच्या चहाला मी वर आलो तेव्हा तो तुकडा अक्कांच्या हातात होता. वास घेऊन झाला होता. अंगठा फिरवून झाला होता. भिंग मात्र मांडीवर तसंच पडून होतं.

"आदन इल्," त्या म्हणाल्या.

"मग छानच की."

त्यांनी अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर तांबडी भुकटी लागली होती, विटेवर खिळा घासल्यावर निघते तशी. ओली नाही, कोरडी, भुरभुरीत.

२

ज्याला यातलं माहीत नाही त्याला सांगतो. मडकं जमिनीत पडून राहिलं की त्यावर माती-चुन्याचं पातळ पुट चढतं. अक्षर जुनं असेल तर रेघेच्या खोबणीतही तेच पुट बसतं. इथे रेघ त्या पुटाला कापून आत गेली होती. मडकं जुनं होतं. रेघ कालपरवाची होती.

"अक्का, हा तुकडा मी माझ्या हाताने उचललाय," मी म्हणालो. "अक्षरं खाली तोंड करून होती. चिखलातून सोडवायला बांबूची काडी लागली."

"मग काडी लागली असेल."

"काडी लागून 'आदन' उमटत नाही."

"मुनियम्मा," अक्कांनी हाक मारली, "तू ब्रशने घासताना जोर लावलास का?"

"मी घासते ते निघायला, अम्मा," मुनियम्मा सुपावरून मान न उचलता म्हणाली. "उमटायला घासत नाही. आणि मला लिहिता कुठे येतं?"

आम्ही हसलो. अक्काही हसल्या. मग त्यांनी तो तुकडा कापसात गुंडाळून वेगळा ठेवला. मला त्याचा जरा राग आला. वेगळं ठेवणं म्हणजे संशय घेणं, आणि खालून वर येईपर्यंत तो तुकडा फक्त माझ्या हातात होता.

त्यानंतर तसली खापरं येतच राहिली. रोज नाही. आता थांबलं वाटावं इतक्या अंतराने. कुविरन इल्. सात्तन इल्. प्रत्येकाची रेघ ताजी, आणि हात एकच. शेवटच्या 'न'च्या खालचा आकडा, म्हणजे वळलेलं शेपूट, जरा जास्त ओढलेला, आणि रेघा सगळ्या उजवीकडून डावीकडे नेलेल्या. अक्कांनी ते भिंगातून दाखवलं, शिकवताना दाखवायच्या तसंच, आवाज न चढवता.

"डावखुरा आहे," त्या म्हणाल्या.

चरात डावखुरा मी एकटाच होतो.

३

एकदा दुपारी बायका झाडांखाली डबे उघडून बसल्या होत्या. पाण्याचा पंप बंद होता. मी चराच्या तळाशी सावलीच्या पट्ट्यात माझा ताकातला भात खात होतो. वर वारा नव्हता, नारळीची एक झावळीही हलत नव्हती. आणि मला घासल्याचा आवाज आला. बारीक, एकसारखा. पाटीवर पेन्सिल फिरावी तसा. थोडा वेळ चालायचा, थांबायचा, जागा बदलून पुन्हा सुरू व्हायचा.

मुनियम्मा जेवण टाकून कामाला लागली असेल, असं म्हणून मी वर चढलो. तिचे ब्रश सुपाजवळ कोरडे पडले होते आणि ती लांब झाडाखाली कुणाची तरी नक्कल करून बायकांना हसवत होती. उंदीर असेल, मी म्हटलं. मुळं वाळली की माती तडकते, तिचाही आवाज होतो. हे सगळं खरं आहे. तसे आवाज मी आयुष्यभर ऐकले आहेत. हा तसा नव्हता, एवढंच मी सांगू शकतो, आणि एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

खाली उतरलो तेव्हा उत्तरेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी चिमूटभर तांबडी भुकटी पडलेली होती. ती मी बोटाने मातीत मिसळून टाकली. का, ते मला त्या वेळीही कळलं नाही.

संध्याकाळी अक्कांनी मला एक कोरं खापर दिलं, वर एक लोखंडी दाभण ठेवलं.

"आदन लिही."

"माझी परीक्षा घेताय?"

"परीक्षा घ्यायची वेळ आलीय, तंबी. लिही."

मी लिहिलं. त्यांनी ते कापसातल्या खापराशेजारी ठेवलं. मला भिंगाची गरज पडली नाही. तोच आकडा, तसाच ओढलेला.

"मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत," मी म्हणालो. "तुमचाही आकडा असाच येतो."

"येतो," त्या म्हणाल्या. "पण मी उजव्या हाताने लिहिते."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको. आपण न केलेलं काम आपल्या हातचं निघालं की माणूस आधी दुसऱ्यावर चिडतो, आणि मग हळूच स्वतःच्या हाताकडे बघायला लागतो.

४

मग ते खापर आलं.

अक्कांनी मला ओसरीवर बोलावलं नाही. थेट मासिलामणी सरांच्या खोलीत बोलावलं. सर म्हणजे आमच्या खोदकामाचे प्रमुख. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चरात उतरायचा प्रसंग त्यांनी कधी येऊ दिला नव्हता. टेबलावर कापूस, कापसावर तुकडा. मी वाचला. 'परिती इल्.'

माझं नाव इळंपरिती. आई सोडून सगळे मला परितीच म्हणतात.

"परिती म्हणजे सूर्य," मी म्हणालो. "जुना शब्द आहे. असेल कुणाचं तरी नाव."

"असेल," सर म्हणाले. "आजवर कुठल्या खापरावर सापडलंय?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही.

"सर, मला खोटं करायचंच असतं तर मी स्वतःचं नाव कशाला लिहीन? इतका मूर्ख दिसतो का मी?"

"पकडले जातात ते मूर्खच असतात, परिती. शहाण्यांची नावं पुस्तकात जातात."

बाहेर वर्तमानपत्रवाले फेऱ्या मारायला लागले होते. एका जरी खापरावर बनावटीचा शिक्का बसला असता तर सगळीच संशयात आली असती, नदीकाठच्या त्या गावाचं सगळं जुनेपण हास्यास्पद झालं असतं. सरांना ते नको होतं. मलाही नको होतं, हे कुणी विचारलं नाही. एक माणूस बाजूला काढला की बाकीची खापरं शुद्ध ठरत होती. खापर फोडायला डोकं लागतं, आणि माझं जवळ होतं.

अक्कांना सरांनी तीन प्रश्न विचारले. अक्षरांची वळणं बरोबर आहेत का? आहेत. रेघ ताजी आहे का? आहे. हात कुणाचा? "डावखुऱ्याचा," अक्का म्हणाल्या, "आणि माझ्याकडे शिकलेल्याचा." तिन्ही उत्तरं खरी होती. मी त्यांच्या जागी असतो तर हीच दिली असती. त्यामुळेच ती मला आजही गिळवत नाहीत.

मला निलंबित केलं. चेन्नईहून तज्ज्ञांची समिती येईल, ती शेवटचं ठरवील, असं सांगितलं. जिना उतरताना अक्का मागून आल्या.

"तंबी, का केलंस रे?"

त्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. त्यांचा आवाज रडवेला होता.

५

मदुरैला घरी बसलो. माझी बायको कयल् शाळेत शिकवते. तिने पहिले काही दिवस शेजाऱ्यांना ताप आल्याचं सांगितलं. मग एकदा जेवताना, भात वाढता वाढता, सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, तुम्हाला झोपेत चालायची सवय होती का कधी?"

"म्हणजे?"

"काही नाही. वाचलं कुठेतरी."

मी ताटावरून उठलो नाही. उठलो असतो तर ते उत्तर झालं असतं.

अक्कांचा फोन आला तो एका सकाळी, कयल् शाळेत गेल्यावर.

"तू आवरंगुडीला आला होतास?"

"कशाला येऊ? दारात तरी उभं करतील का मला?"

"खरं सांग."

"अक्का, काय झालंय?"

त्या म्हणाल्या, "ये. आज इथे कुणी नाही, सगळे अय्यनारच्या जत्रेला गेलेत. मला माती वाचून हवी आहे."

मी बसने गेलो. ऊन टळटळीत होतं. अक्का चराच्या काठावर छत्री घेऊन उभ्या होत्या, केस विंचरलेले नव्हते. मला बघून त्यांनी ना बस म्हटलं ना पाणी विचारलं. शिडीने खाली उतरल्या. मी मागून उतरलो.

उत्तरेकडच्या भिंतीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक मडकं निम्मं बाहेर आलं होतं. पावसाच्या एखाद्या सरीने वरची माती धुपून गेली असावी. मडकं अखंड होतं, तोंडापर्यंत मातीने भरलेलं, मागचा अर्धा भाग अजून भिंतीत. खांद्यावर अक्षरं होती. अ, ल्, ली.

"फक्त माझं नाव आहे," अक्का म्हणाल्या. "पुढे काही नाही. मी रोज येऊन बघते. मला एवढंच सांग, हे कुणी नंतर आणून बसवलंय का?"

मी भिंतीला गाल लावून बघितलं. माती खरवडायच्या करणीचं टोक फिरवलं. मडक्याच्या चारी बाजूंना माती एकजीव होती. एका नारळीचं मूळ भिंतीतून येऊन मडक्याच्या पोटाला घट्ट वळसा घालून पुन्हा आत गेलं होतं, आणि मूळ कुठे दुखावलेलं नव्हतं. कुणाचाही हात इथे पोचला नव्हता. ते मडकं समितीने तसंच भिंतीत पाहिलं असतं तर मी सुटलो असतो. माझी नोकरी, माझं नाव, कयलचं माझ्याकडे पूर्वीसारखं बघणं, सगळं त्या मुळाच्या वळशात होतं. मला हसू यायला लागलं.

"अक्का," मी म्हणालो, "माती हललेली नाही."

"नीट बघ."

"नीट बघितलं. कुणी बसवलेलं नाही."

त्या भिंतीला टेकल्या. मग माझा दंड धरून अगदी हळू म्हणाल्या, "परिती, तू केलंस म्हण."

"काय?"

"तूच केलंस म्हण. कसं केलंस ते मी विचारणार नाही. एवढं म्हण, आणि आपण वर जाऊ."

"आणि मग माझं काय?"

तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. मी आधी ऐकला होता, त्यांनी बहुधा रोज ऐकला होता, कारण त्या दचकल्या नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले. टक्. नावाच्या पुढे, कोऱ्या जागी, तीळभर भुकटी सुटली आणि भिंतीवरून खाली घरंगळली. तिथे एक ठिपका होता. जुन्या लिपीत 'इ' म्हणजे तीन ठिपके.

टक्. दुसरा.

मडक्याला कुणी हात लावलेला नव्हता. बाहेरून तर नाहीच. पण मडक्याची मान आणि माती यांच्यामध्ये उन्हाने एक फट पडली होती, बोटभर रुंद. माझे डोळे त्या फटीशी होते. त्यात मातीच्याच रंगाचं काहीतरी होतं. ते मुळासारखं वाकलं, आणि मूळ वाकत नाही तसं, सांध्यात वाकलं. मग डावीकडे सरकून दिसेनासं झालं.

मी अक्कांना ओढलं. त्या हलल्या नाहीत. पाय मातीत रुतल्यासारख्या उभ्या, डोळे मिटलेले. मी काखेत हात घालून उचलायला गेलो तर अंग असं जड, की माझ्याच्याने होईना.

"म्हण ना," त्या म्हणाल्या.

"मी केलं," मी म्हणालो. "मीच केलं, अक्का. सगळी खापरं मीच केली. हे मडकंसुद्धा मीच बसवलं. चला वर."

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर लहान मुलीच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी आलं. पदर खोचून त्या भराभर शिडी चढल्या. त्यांच्या वयाला न शोभेल इतक्या भराभर. मी मागे वळून पाहिलं नाही. आवाज थांबला होता, की आमच्या पायांच्या आवाजात हरवला होता, मला माहीत नाही.

वर उन्हात पोचल्यावर त्यांनी श्वास घेतला, चष्मा पुसला, आणि माझ्या तोंडात मारली.

"लाज नाही वाटली तुला?" त्या म्हणाल्या. "मी तुला पोटच्या पोरासारखं शिकवलं."

आणि माझ्यासमोरच त्यांनी सरांना फोन लावला.

६

समिती आलीच नाही. कबुली मिळाल्यावर ती कशाला येईल? सरांच्या हुकमावरून तो चर आठवड्याच्या आत बुजवला, मडक्यासकट. मी सरांना एकदा भेटून मुळाबद्दल सांगू पाहिलं. "मूळ तर मूळ," ते म्हणाले, "तू आता झाडाला साक्षीला आणणार का?" कयलला मात्र मी खरं काय ते सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." त्या दिवसापासून ती खोलीचं दार आतून लावून झोपते. मी बाहेर झोपतो.

अक्का निवृत्त झाल्या. समारंभ झाला, शाल पांघरली, भाषणात त्यांनी सांगितलं की संशय घेणं हा आपल्या कामाचा धर्म आहे, मग तो आपल्या माणसावर का घ्यावा लागेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं ऐकलं.

मला कुणी मातीजवळ उभं करेना. मीनाक्षी मंदिरामागच्या एका भांड्यांच्या दुकानात मी आता नावं घालतो. लग्नाच्या ताटांवर, कळशांवर, डब्यांवर. यंत्र दिवसभर घरघरतं, दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून मला ते काम बरं वाटतं. मालक म्हणतो, डावखुऱ्याचं वळण वेगळंच दिसतं, गिऱ्हाइकांना आवडतं.

अक्कांचे फोन निवृत्तीनंतर सुरू झाले. आधी तब्येत विचारायच्या. मग हळूच, "तंबी, ते तूच केलं होतंस ना?"

"हो, अक्का."

"दाभणाने?"

"दाभणाने."

"बरं." आणि फोन ठेवायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि तरी मी प्रत्येक वेळी हो म्हणायचो. एकदा 'नाही' म्हणावं असं ठरवूनच फोन घेतला होता. त्यांचा आवाज ऐकला आणि हो म्हणालो.

परवा फोन आला तेव्हा दुकानात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती. मी यंत्र बंद केलं, एका कानावर हात ठेवला. त्यांच्या श्वासामागे काहीतरी ऐकू येत होतं. बारीक, एकसारखं. पाटीवर पेन्सिल फिरावी तसं.

"अक्का, कुठे आहात?"

"घरी. आणखी कुठे जाऊ?"

"घरात कुणी आहे?"

"नाही." मग वर्गात विचारायच्या तशा सरळ आवाजात, "परिती, ते सगळं तूच केलंस ना?"

"हो, अक्का. मीच."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता थांबव."

समोर गिऱ्हाईक डबा पुढे करून उभं होतं. मालक माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला आजवर एक उत्तर तयार असायचं.

"थांबवतो," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आम्ही दोघं ऐकत राहिलो, माझ्या सांगण्याने ते थांबतं का म्हणून.